कोऱ्या कडेचं पुस्तक

“मळकं पुस्तक डोळे झाकून घ्यावं, कोऱ्याची मात्र आधी चौकशी करावी.”

हे बोलणं खळकाकांचं. वाचनालयाच्या बालविभागात येणाऱ्या प्रत्येक पोराला ते पाढ्यासारखं पाठ होतं. पोरं फळीवरून पुस्तक काढत, नावही न बघता ते आडवं धरत आणि पानांची कड डोळ्यांजवळ नेत. कड काळवंडलेली असली की पुस्तक काखेत. पांढरी असली की मुकाट परत फळीवर.

खळकाका तिथले बांधणीकार. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि तिथंच राहिलं. मागच्या खोलीत एक खिडकी, एक लांब टेबल, दाभणं, दोऱ्याची रिळं, पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा आणि स्टोव्हवर रटरटणारं खळीचं पातेलं. त्या शिजलेल्या पिठाचा वास त्यांच्या सदऱ्याला कायमचा लागलेला, म्हणून खळकाका. फाटलेलं पुस्तक यायचं, काका ते उसवायचे, झटकायचे, शिवायचे, पाठीला कापड लावायचे. आणि परत पाठवण्याआधी वाचायचे. हात साबणानं दोनदा धुऊन, फडक्याला कोरडे करून, मगच. खळीचा हात पानाला लागू द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म.

मुलांच्या पुस्तकांखेरीज दुसरं काही त्यांनी वाचलं नाही. लहानपणी चौथीतून शाळा सुटली आणि छापखान्यात पानं घडी घालायच्या कामाला लागले. तिथं हाताखालून सुटी पानं जायची. गोष्ट मधूनच सुरू व्हायची, मधूनच संपायची. राक्षस विहिरीत पडला एवढं कळायचं, बाहेर आला की नाही ते दुसऱ्याच्या हातात. “माझ्या डोक्यात अजून पन्नासेक राक्षस विहिरीत आहेत,” ते म्हणायचे. “एकेकाला बाहेर काढत बसलोय.”

हे सगळं सर्वांत जास्त ठाऊक होतं ते नोंदणीच्या बाईंना. दाराजवळच्या टेबलावर एकोणीस वर्षं त्या बसल्या होत्या. पुस्तक आलं, तारीख मारली. पुस्तक गेलं, तारीख मारली. इतक्या वर्षांत त्यांनी एकही पुस्तक वाचलं नव्हतं, आणि हलवायाला गोड कुठं आवडतं, असं म्हणून त्या ते हसण्यावारी नेत. पण काकांना पोरांशी बोलताना ऐकायला त्यांना आवडायचं. आपलं शिक्के मारणं त्या तेवढ्यापुरतं हळू करायच्या.

काका गोष्ट कधी सांगायचे नाहीत. पुस्तकाचं अंग दाखवायचे. “हे बघ, या पानाचा खालचा कोपरा गेलाय. सगळी इथं थांबलीत, पुढं जायला घाबरलीत. हे बघ, इथं पान फुगलंय, इथं कुणीतरी रडलंय. आणि इथं बिस्किटाचा चुरा. म्हणजे इथं सगळं ठीक झालं, भूक लागली.” एवढ्यावर पोरगं पुस्तक घेऊन पळायचं. आणि शनिवारी संध्याकाळी काका स्वतः एक पुस्तक कर्मचाऱ्यांच्या कार्डावर घ्यायचे, कापडात गुंडाळायचे आणि काखेत मारून घरी जायचे. घर म्हणजे सुतारखान्यावरची एक खोली. बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली, मूल नव्हतं. रविवारी खाली करवत बंद असायची. तेवढा एकच दिवस त्या खोलीत काही ऐकू येत नसे, आणि तेवढ्यासाठी पुस्तक लागे.

काकांच्या निवृत्तीला महिना उरला तेव्हा नव्या ग्रंथपालांनी हुकूम काढला. जागा कमी पडते आहे, तेव्हा दोन वर्षांत जे पुस्तक कुणाही मुलानं नेलं नाही ते काढून टाकायचं. यादी महिन्याअखेर हवी. यादी करायची बाईंनी.

बाई एकेक फळी घेऊन बसल्या. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी असते, ती बघायची. तिसऱ्या दिवशी एक पातळसं पुस्तक हाताला लागलं. निळ्या कापडाची पाठ, कोपरे काटकोनात, शिवण अशी की राजाच्या अंगरख्याला शोभावी. चिठ्ठीवर तारखा भरपूर होत्या, पण सगळ्या शनिवारच्या. बाईंनी नोंदवही उघडली. प्रत्येक तारखेला कार्ड क्रमांक एकच.

पुस्तक घेऊन त्या मागच्या खोलीत गेल्या. “काका, हे काय आहे?”

काकांनी पातेल्यातला चमचा थांबवला. “शेळीचं पुस्तक.”

“ते दिसतंय. अकरा वर्षांत तुमच्याशिवाय कुणी नेलेलं नाही.”

“मी नेतो ना. चिठ्ठीवर तारीख राहते.”

“कर्मचाऱ्यांचं धरायचं नाही म्हणालेत. आणि या महिन्यानंतर तुमचं कार्डही जमा होणार.” मग आवाज उतरवून त्या म्हणाल्या, “बालविभागाचं कार्ड चौदा वर्षांपर्यंतच देतात. तुम्ही त्यात बसत नाही.”

“थोडक्यात हुकलं,” काका म्हणाले. पण हसले नाहीत. बाईंच्या हातून पुस्तक घ्यायला ते पुढं झाले, थबकले, आधी मोरीवर जाऊन हात धुऊन आले. “एका बेटावर म्हातारी असते आणि तिची शेळी. लांबून जहाजं जातात. शेळीला वाटतं, त्या पाण्यात चरणाऱ्या मोठ्या शेळ्याच आहेत. म्हातारी रोज दिवा लावते. एकही जहाज थांबत नाही. एक दिवस एक थांबतं.”

“मग?”

“तेवढं मी सांगत नसतो.”

बाईंनी त्यांना महिनाअखेरची मुदत सांगितली. एका मुलानं एकदा नेलं की झालं, पुस्तक वाचलं.

आयुष्यभर पुस्तकं गळ्यात मारण्यात ज्यांचा हात कुणी धरला नाही, त्या काकांना ही काय मोठी गोष्ट, असं बाईंना वाटलं. पण झालं उलटंच. पहिली सापडली घड्याळजीची मुलगी. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याची लेक आणि कधी वेळेवर पुस्तक परत आणायची नाही. वाचायला मात्र राक्षसीण.

“हे घेऊन जा,” काका म्हणाले.

तिनं पुस्तक आडवं धरलं. एक डोळा मिटून कड बघितली. “कोरं आहे, खळकाका.”

“असू दे. चांगलं आहे.”

“चांगलं आहे तर कुणी वाचलं का नाही?”

“मी वाचलंय.”

“मग मळलं का नाही?”

काकांनी आपल्या धुतलेल्या हातांकडे पाहिलं. मुलीनं आज्ञाधारकपणे पुस्तक परत दिलं. “तुम्हीच म्हणता, कोऱ्याची चौकशी करावी. मी केली,” ती म्हणाली आणि एक काळंकुट्ट, कान दुमडलेलं पुस्तक काखेत मारून निघून गेली.

त्या आठवड्यात सात पोरांना विचारून झालं. सातही जणांनी कड बघितली. कुणी हट्टी नव्हतं, कुणी उद्धट नव्हतं. सगळी काकांनीच शिकवलेली. बाई टेबलावरून बघत होत्या. आपल्याच हातानं लावलेल्या कुलपासमोर किल्ली हरवून माणूस उभा राहावा, तसे काका फळीसमोर उभे राहायचे.

शेवटी बाई म्हणाल्या, “अहो, तुम्हीच थोडं मळवा की. खळीचं बोट लावा चार ठिकाणी. कोण बघतंय?”

काका लाल झाले. “बाई, चाळीस वर्षं मी पोरांना खरा मळ दाखवलाय. आता मरताना खोटा दाखवू?”

“मरता कुठं, निवृत्त होताय.”

“बांधणीकाराला एकच,” ते म्हणाले, आणि शिकंजा इतका आवळला की लोखंड कुरकुरलं.

त्यानंतर त्यांनी कुणाला विचारलं नाही. पुस्तक जागेवर ठेवलं. ज्यांच्या पाठी उसवल्या होत्या ती शेवटची पुस्तकं ते एकेक करून शिवत राहिले. यादीत त्या पुस्तकाचं नाव बाईंच्याच अक्षरात होतं.

गुरुवारी बाईंनी यादी पुरी केली, पिशवी उचलली, दिवा मालवला आणि दारातून परत फिरल्या. कुणाला न विचारता, नोंदही न करता त्यांनी शेळीचं पुस्तक पिशवीत टाकलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. यादीत ज्याचं नाव आपण घातलं त्याचं तोंड तरी बघावं, एवढंच.

घरी त्या एकट्याच. मुलगा दूरच्या शहरात. चहा करून त्या स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभ्यानंच वाचू लागल्या, कारण बसून वाचायची सवय नव्हती. शेळी जहाजांना हाका मारायची, तेव्हा त्यांना हसू आलं. म्हातारी दिव्याची काच पुसायची, तेव्हा त्या खुर्चीवर बसल्या. मग ते पान आलं. जहाज वळलं, बेटाजवळ आलं, थांबलं. म्हातारीनं लुगडं नीट केलं, शेळीला गप्प केलं, दोन पेले काढून ठेवले. जहाजावरच्या माणसानं वरूनच विचारलं, बंदराचा रस्ता कुठला? म्हातारीनं हात करून दाखवला. जहाज गेलं.

तेवढ्यात फोन वाजला. मुलगा होता.

“आई, माझा जन्माचा दाखला कुठं आहे गं?”

“कपाटात, खालच्या कप्प्यात, पिवळ्या पाकिटात. पाठवू का?”

“पाठव. बरं, ठेवतो, घाईत आहे.”

“जेवलास का?” बाईंनी विचारलं. पलीकडं कुणी नव्हतं.

फोन ठेवताना कोपर कपाला लागलं. चहा पानावर पसरला, कडेपर्यंत गेला. बाई धावत फडकं आणायला उठल्या आणि अर्ध्या वाटेत थांबल्या. परत येऊन पुस्तकाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पुढचं पान उलटलं, कारण म्हातारीनं दुसऱ्या दिवशी दिवा लावला की नाही, ते त्यांना कळायलाच हवं होतं.

शुक्रवारी सकाळी पुस्तक परत आलेल्या पुस्तकांच्या ढिगात होतं. बाईंनी ते वर ठेवलं नाही, खालीही नाही. मध्ये ठेवलं, जिथं त्याच्या नशिबात असेल ते होईल.

शनिवार हा काकांचा शेवटचा दिवस. पातेलं घासून पालथं घातलेलं, दाभणं तेलाच्या फडक्यात गुंडाळलेली. ग्रंथपालांनी दोन शब्द बोलून शाल दिली आणि कार्ड मागून घेतलं. संध्याकाळी काका बालविभागात आले, सवयीनं त्या फळीपाशी गेले आणि हात वर केला. तिथं बोटभर रिकामी फट होती.

ते फटीकडे बघत राहिले. मग काढून टाकायच्या पुस्तकांचं पोतं कोपऱ्यात होतं त्याच्याशी गुडघे टेकून एकेक पुस्तक बाजूला करू लागले. बाईंना ते बघवलं नाही.

“त्यात नाही, काका. इकडं या.”

त्यांनी नोंदवही फिरवून समोर धरली. काकांनी बोट ओळीवर ठेवलं. तारीख आजची. कार्ड क्रमांक दुसराच.

“घड्याळजीची पोरगी?”

“हो.”

“तुम्ही दिलंत?”

“मी तोंडही उघडलं नाही. तिनं ढिगातून काढलं, कड बघितली आणि म्हणाली, इथं कुणीतरी थांबलंय.”

काकांनी विचारलं, “काय होतं कडेला?”

“चहा.”

त्यांनी मान वर केली. डोळ्यांत संशय. “बाई.”

“खोटा नाही,” बाई म्हणाल्या. “माझा आहे. जहाज रस्ता विचारतं, तिथं सांडला.”

काका मागच्या खोलीत गेले, आणि करायचं काहीच उरलेलं नसताना नळ सोडून त्यांनी हात धुतले. दोनदा. बाईंना ते पाणी इथं ऐकू येत होतं.

बाहेर आले तेव्हा विचारलं, “परत कधी आणील?”

“ती? तिचा काय भरवसा. महिनाभर तरी नाही.”

“नको आणू दे,” काका म्हणाले. “बरं, येतो.”

शाल त्यांनी खांद्यावर टाकली. पायऱ्या उतरले, फाटकाशी आले. डावा हात कोपरात दुमडून अंगाशी धरलेला, दर शनिवारी कापडातलं पुस्तक धरायचा तसाच. काखेत काही नव्हतं. चार पावलांनी ते त्यांच्याच ध्यानात आलं असावं. हात सुटला, थोडा वेळ कुठं ठेवावा ते न कळून लोंबत राहिला. तसेच ते सुतारखान्याच्या रस्त्याला लागले.

नोंदणीच्या बाई खिडकीत उभ्या राहून बघत होत्या. वळणावर ते दिसेनासे झाले, तरी त्यांनी तारखेचा शिक्का हातातून खाली ठेवला नव्हता.