बेबीची दृष्ट

इथं परदेशात, बिशानला, आमच्या वरच्याच मजल्यावर अदिती राहते. पेशानं अकाउंटंट, स्वभावानं मोजकं बोलणारी, आणि इथल्या मराठी मंडळात नको असलेलं प्रत्येक काम दरवर्षी हिच्याच गळ्यात पडतं. नवरा निशिकांत, निम्मा महिना जकार्तात. आठ वर्षांची श्रिया इथंच जन्मलेली, इथल्याच शाळेत जाणारी. इस्त्री केल्यासारखं घर. या बाईला लहानपणी चाहत्यांमुळे रस्त्यानं चालणं मुश्कील होतं, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी तोंडावर हसले असते.

सांगितलं तिच्या आईनं. सरोजिनीबाई पुण्याहून इथं आल्या त्याच मुळी विसरणं फार पुढे गेल्यावर. पहिल्या भेटीत त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, "बेबीचं शूटिंग संपलं का हो? गाडी नाही आली अजून."

"कोण बेबी?" मी विचारलं.

अदिती चहा गाळत होती. पाठमोरीच म्हणाली, "मी."

मग मला एकदम आठवलं. बेबी अदिती! एसटी स्टँडवर आईची वाट बघत उभी असलेली ती फ्रॉकमधली पोर. आमच्या गावच्या थिएटरात माझ्या आईनं तो चित्रपट बघताना पदर भिजवला होता आणि घरी आल्यावर कारण नसताना मला जवळ घेतलं होतं. सहाव्या वर्षापासून दहाव्यापर्यंत अदितीनं पाच चित्रपट केले. कधी अनाथ, कधी हरवलेली, कधी आजारी. काम एकच, रडायचं. आणि ग्लिसरीन कधीच लागलं नाही. कॅमेरा तयार झाला की आई पुढे यायची, वाकून तिच्या कानात काहीतरी सांगायची आणि बाजूला व्हायची. आधी डावा डोळा भरायचा, मग उजवा. आवाज नाही, चेहरा वेडावाकडा नाही. युनिटमधले लोक म्हणायचे, आईकडे मंत्र आहे. काय सांगते ते कुणालाच कळलं नाही.

मीही विचारलं अदितीला. तिनं बिस्किटांची ताटली पुढे केली. मी ओळखलं, विषय संपला.

आता सरोजिनीबाई अदितीला ओळखत नव्हत्या. तिला 'बाई' म्हणायच्या. मेकअपला नाहीतर कपडेपटाला ठेवलेली कुणी असावी, अशा सुरात. तिन्हीसांजेला खिडकीशी उभ्या राहायच्या आणि खाली शाळेच्या बस थांबतात तिथं टक लावून बघायच्या. अदितीनं एकदा सांगून पाहिलं, "आई, मीच अदिती." त्यांनी तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बाई, माझी चेष्टा करू नका. माझं लेकरू बाहेर आहे."

माझं म्हणाल तर मला त्या बाईचा राग यायचा. जन्मभर पोरीला रडवलं आणि आता तिलाच परकी केलं. पण अदिती त्यांना भरवायची, न्हाऊ घालायची, आणि 'बाई' ऐकून घ्यायची.

मग एक दिवस त्यांनी श्रियाला 'बेबी' म्हणून हाक मारली, आणि घरात शांतता झाली. सरोजिनीबाई जेवू लागल्या, झोपू लागल्या. श्रियालाही गंमत वाटली. मला लिफ्टमध्ये इथल्या पोरांच्या इंग्रजीत म्हणाली, "अनघा मावशी, आजी थिंक्स आय ॲम मम्मा. सो फनी, लाह." अदितीलाही जरा उसंत मिळाली. कुणाला वाईट वाटणार त्यात?

दुपारी श्रिया शाळेतून आली की आजी आणि नात खोलीत बसायच्या. तालीम चालायची. तिन्हीसांजेला सरोजिनीबाई श्रियाची दृष्ट काढायच्या, मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या तव्यावर टाकून. असा ठसका उठायचा की धुराचा अलार्म कोकलायचा आणि समोरच्या लिम आंटी खोकत दारात यायच्या. अदिती रोज माफी मागायची. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती, असं आपल्याकडे म्हणतात. मी ते लिम आंटींना समजावून पाहिलं. त्यांनी मला पंखा लावायला सांगितलं.

गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात श्रियानं नाट्यछटा केली. एरवी या पोरीचं मराठी अडखळत चालणारं. 'मी' आणि 'मला' यांच्यात तिची रोज गल्लत. त्या दिवशी स्टेजवर जाण्याआधी आजी वाकली, तिच्या कानाशी लागली. श्रिया पुढे आली आणि बोलू लागली. एकही शब्द अडला नाही. सूर जुना होता, आमच्या लहानपणीच्या चित्रपटांतला. मग तिचा डावा डोळा भरला. त्यानंतर उजवा. सायकलवरून पडून गुडघा फुटला तरी न रडणारी ही मुलगी.

हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. "रक्तातच आहे!" कुणीतरी म्हणालं. मीही तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. अदिती तेवढी उभी होती, हात खाली सोडून, पांढरीफटक.

त्या रात्रीपासून श्रियानं आईला 'मम्मा' म्हणणं बंद केलं. रुसवा नाही, भांडण नाही. नाश्त्याला दूध घेताना तिनं अगदी नम्रपणे विचारलं, "यू आर नॉट रिअली माय मदर, राइट?" अदितीला वाटलं खेळ आहे. मग श्रिया आजीच्या शेजारी खिडकीशी उभी राहू लागली. दोघींचे हात गजांवर, दोघींची मान एकाच बाजूला कललेली. हाक मारली तरी वळायच्या नाहीत. मी एकदा ते पाहिलं. मागून बघताना त्यांतली म्हातारी कोण, हा प्रश्नच पडायला नको होता. मला पडला.

अदिती माझ्याकडे आली आणि त्या दिवशी तिनं सगळं सांगितलं.

"आई कानात म्हणायची, 'मी तुझी आई नाही. तुझी आई गाडीत बसून कधीच निघून गेली.' बस, एवढंच."

मी गॅस बंद करून तिच्याकडे वळले.

"रोज खरं वाटायचं गं," ती म्हणाली. "पॅकअप झालं की ती माझी दृष्ट काढायची आणि शेवटी म्हणायची, 'मीच गं तुझी आई.' तेवढं ऐकलं की मी सुटायचे. शेवटच्या चित्रपटाच्या शेवटच्या दिवशी सामान आवरायची घाई झाली. आई एका गाडीत बसली, मला दुसरीत कोंबलं. मी तिची गाडी जाताना बघितली. दृष्ट राहिली, ते वाक्यही राहिलं. नंतर कॅमेऱ्यासमोर मला कधी रडूच आलं नाही. कामं बंद झाली. आई त्याबद्दल अवाक्षर बोलली नाही आणि मीही नाही. पण ती आता मला 'बाई' म्हणते ना, अनघा, तेव्हा मला वाटतं ते शूटिंग अजून चालूच आहे."

"आणि श्रिया?"

"श्रियाला ती दृष्ट काढल्यावर म्हणते, 'मीच तुझी आई.' माझं काय उरलं?" असं म्हणून ती माझ्या ओट्याला धरून उभी राहिली. मी पुन्हा त्या म्हातारीला मनातल्या मनात शिव्या घातल्या. आजारी माणसाला घालू नयेत, पण घातल्या.

शनिवारी दिवेलागणीला अदितीनं मला वर बोलावलं. श्रियाला पाटावर बसवलं होतं. सरोजिनीबाई खिडकीशी. तवा तापला होता. अदितीनं दोनदा टाळी वाजवली आणि खणखणीत आवाजात ओरडली, "पॅकअप!"

सरोजिनीबाई झटक्यात वळल्या. मीठ, मोहऱ्या, मिरच्या मुठीत घेतल्या, पुटपुटत श्रियावरून उतरवल्या आणि तव्यावर टाकल्या. त्यांनी तोंड उघडलं, तोच अदिती मध्ये आली. गुडघ्यावर बसून तिनं श्रियाचा चेहरा ओंजळीत धरला. "मीच गं तुझी आई. आजी म्हणाली ते सगळं नाटकातलं होतं. मी कुठल्याही गाडीत बसून गेले नाही."

श्रिया बघत राहिली. मग तिनं भोकाड पसरलं. नाक वाहत होतं, तोंड वाकडं झालं होतं, श्वास अडकत होता. इतकं कुरूप रडणं ऐकून मला केवढं बरं वाटलं.

मग माझ्या लक्षात आलं की कुणीच खोकत नव्हतं. तव्यावर मिरच्या काळ्या झाल्या होत्या, धूर छताला लागला होता. अलार्म गप्प. लिम आंटींचं दार बंद. माझ्या नाकाला कसलाच वास येत नव्हता.

"हिची निघाली," सरोजिनीबाई म्हणाल्या. "माझ्या बेबीची राहिलीय."

अदिती उठली आणि मुकाट्यानं पाटावर बसली. सत्तेचाळीस वर्षांची बाई, हात मांडीवर घेऊन. "आई, मी बेबी. माझी काढ."

त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. "तुम्ही नाही, बाई. ती लहान आहे." आणि त्या परत खिडकीकडे गेल्या.

अदिती हलली नाही. तिचा डावा डोळा भरला. मग उजवा. आवाज नाही. मला तो एसटी स्टँड दिसला, तो फ्रॉक दिसला, आणि मी घाबरले.

श्रियानं नाक पुसलं. ओट्यावरचं उरलेलं मीठ आणि मिरच्या चिमुकल्या मुठींत घेतल्या, आजीसारख्याच आईवरून उतरवल्या आणि तव्यावर फेकल्या. मग वाकून अदितीच्या कानाशी गेली. म्हणाली ते मला स्पष्ट ऐकू आलं. मराठी स्वच्छ होतं आणि सूर आठ वर्षांच्या मुलीचा नव्हता.

"मीच गं तुझी आई."

अदितीच्या तोंडून जो हुंदका फुटला तो मी पुन्हा ऐकू इच्छित नाही. त्याच क्षणी मिरच्यांचा ठसका उठला. आम्ही चौघीही खोकू लागलो, अलार्म बोंबलला, लिम आंटी दार वाजवू लागल्या. त्या गोंधळात सरोजिनीबाई खिडकीजवळून म्हणाल्या, "आली बाई एकदाची गाडी." आणि त्यांनी पडदा ओढून घेतला. मी पडदा सारून खाली पाहिलं. रस्ता रिकामा होता.

अदितीला त्या अजूनही बाईच म्हणतात. पण खिडकीशी उभ्या राहत नाहीत. परवा मीच मुद्दाम विचारलं, "बेबी कुठंय?" तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या, "आत्ताच झोपलीय. फार दमली होती."