खारट आमटी

आज आमटी खारट झाली. बायको म्हणाली, "थांबा, पाणी घालून उकळून आणते." मी नको म्हणालो, कारण पहिल्याच घासाला मला योसेफ आठवला होता.

फौजेत असताना आम्हाला शांतिसेनेबरोबर एका परमुलखात धाडलं होतं. तिथे एकाच देशाची माणसं दोन फौजा करून नदीच्या दोन काठांना बसली होती. योसेफ अलीकडच्या, आमच्या तळाशेजारच्या फौजेत होता, त्याचा थोरला भाऊ पलीकडच्या. लढाई उद्या, परवा असं करत तीन आठवडे गेले. पुसलेली रायफल पुन्हा पुसायची आणि समोरच्या काठाकडे बघत बसायचं. लढताना म्हणे घर आठवायला फुरसत नसते. वाट बघताना दुसरं काही सुचतच नाही.

संध्याकाळी दोन्ही काठांवर मक्याची उकड आणि घेवड्याचा रस्सा शिजायचा. रांधायची पाळी योसेफची असली, की रस्सा तोंडात धरवत नसे, इतकं मीठ. त्याचे सोबती शिव्या घालत. एकदा मी विचारलं तेव्हा मोडक्यातोडक्या इंग्रजीत तो म्हणाला, "घरी भाऊच रांधायचा. घातलेलं विसरून परत मीठ घालायचा. आत्ता तिकडेही असंच खात असतील."

लढाईच्या आधीच आम्हाला माघारी बोलावलं. त्या दोघांचं पुढे काय झालं, कळलं नाही.

बायको अजून पातेलं घेऊन उभीच होती. मी वाटी पुढे केली आणि म्हणालो, "अजून वाढ."