इंजिनाला नवऱ्याचा साबण

"बंद कर रं! नवरा काला झाला!" ट्रकच्या टपावरून वाकून धवलारीण ओरडली.

कोनगावच्या अलीकडे आमच्या ट्रकनं असा धूर सोडला, की मागचा मोटारसायकलवाला भर उन्हात दिवा लावून आला. माझ्या धाकट्या भावाचं वऱ्हाड बाळकुमहून मोहन्याला निघालेलं. आम्हा आगऱ्यांचं लग्न ही म्हातारी धवले गाऊन लावते, त्यामुळे तिच्यापुढे नवऱ्याचा बापसुद्धा गप्प. मुहूर्ताला उरला सव्वा तास. मुहूर्त टळला तर मुलीचा बाप मांडव उपटून खाडीत फेकील, असं मीच सगळ्यांना सांगून ठेवलेलं.

ट्रक काकाचा, पण हात माझा. बाळकुमला माझं गॅरेज. लग्नासाठी म्हणून आठच दिवसांपूर्वी मी इंजिनात डिझेल फवारणारी नोझलं काढून साफ केलेली.

"पिस्टनच्या रिंगा गेल्या," काका मटकन खाली बसला. "इंजिन खोलायला लागंल. दोन दिस."

मी ऑइलचं झाकण काढलं. रिंगा गेल्या असत्या तर तिथून धूर भकाभका आला असता. नाही आला. मग इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट ढिला करून त्याचं डिझेल तोडत गेलो. पहिला केला, इंजिन अडखळलं. दुसरा, तसंच. तिसरा केला, तर त्याला खबरच नाही! म्हणजे तिसरं सिलिंडर आधीच काम सोडून बसलेलं.

"साबण आणा!"

नवऱ्याच्या पेटीतली वासाची वडी आली. पाण्यात घोळून तिसऱ्या नोझलच्या बुडाशी ओतली. फसाफसा फेस आला, कलिंगडाएवढे फुगे, अर्ध्या कल्याणला गुलाबाचा वास! नोझलखालून हवा सुटत होती.

इंजिन बंद करून नोझल उपसलं, आत डोकावलो. नोझलखाली तांब्याची एकच चकती असते, वायसर म्हणतात तिला. इथं दोन. जुना वायसर तळाशी चिकटून राहिलेला आणि मी न बघता त्याच्यावर नवा ठेवलेला. नोझल धड टेकलंच नव्हतं.

"काय घावला रं?" काकानं विचारलं.

"कचरा."

जुना वायसर तारेनं ओढून काढला आणि निखाऱ्यासारखा गरम तसाच खिशात घातला. मांडी भाजली, पण तोंडातून हूं नाही. नवा पुसून बसवला, नोझल आवळलं. काकानं चावी फिरवली. इंजिन कण्हलं, गप्प. पुन्हा कण्हलं, गप्प. टपावरची धवलारीण मघापासून वाकून बघत होती ती तशीच. तिसऱ्यांदा धडाडलं, आणि धूर नाही!

मोहन्याच्या मांडवात आम्ही शिरलो तेव्हा लोकांच्या हातात अक्षता होत्या.

पंगतीला मी रंगात येऊन सांगत सुटलो. इंजिनात सुपारीएवढा खडा होता, कारखान्यातूनच आत राहिलेला, दहा मेस्त्र्यांना सापडला नसता, मी नुसत्या आवाजावरून ओळखला! मुलीचा बाप तोंड उघडं टाकून ऐकत होता.

धवलारीण भात कालवत म्हणाली, "वायसर व्हता. खिशान हाय तुझ्या."