उलट्या बाणाची दुर्बीण

मोजणीच्या जुन्या वस्तूंचं वय काढण्यात दुर्बीणकाकांचा हात धरणारं कोणी नव्हतं. दुर्बीण असो, साखळी असो, काका ती आधी उलटीपालटी करून सरकारी मालाची खूण असलेला बाण शोधत. बाण हाताने कोरलेला, एक रेघ आखूड नि एक लांब असला, तर वस्तू सगळ्यांत जुनी. ठशाने ठोकलेला असला तर नंतरची. आणि वस्तू बाद झाली की कचेरी त्या बाणासमोर दुसरा, उलटा बाण ठोकायची, टोकाला टोक भिडवून. मग ती खुशाल बाजारात विकावी.

"काका, आमच्या सासूबाईंचंही वय काढून द्या की," गिऱ्हाइकं म्हणत.

"आधी ठसा दाखवा," काका म्हणत.

एवढंच काय ते हसणं. दुकानामागच्या दोन खोल्यांत काका आणि त्यांची वहिनी राहत. दादा, म्हणजे काकांचा थोरला भाऊ, मोजणी कचेरीत होता. तीसेक वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या दलदलीची मोजणी करायला तो गेला, तो परतलाच नाही. सोबतचे आले, दादा नाही, त्याची दुर्बीणही नाही. दुर्बीण घेऊन पळाला, असं कचेरीने ठरवून टाकलं. शिपायांनी घरातली ट्रंक रस्त्यावर उपडी केली. आईने त्या दिवसापासून उंबरठा ओलांडला नाही. गेली तीही चोराची आई म्हणूनच. वहिनी मात्र ताठ राहिली. "विकून खाल्ली असेल मेल्याने," ती म्हणायची. "बसला असेल कुठेतरी तोंड लपवून."

एका दुपारी भंगारवाल्याने पोत्यातून एक दुर्बीण काढून टेबलावर ठेवली. "काका, हिचं वय सांगा. एकाला काचेच्या कपाटात मांडायचीय."

काका साफ करायला बसले. नळीतून वाळलेल्या राखाडी गाळाची वडी निघाली. ती त्यांनी फुंकून टाकली. मग दुर्बिणीची बैठक पुसली. बैठकीच्या तड्यावर पितळेची पट्टी होती, डाख एका बाजूला ओघळलेला. हे काम त्यांचंच. दादा निघायच्या आदल्या दिवशी केलेलं, नवशिक्या हाताने. "शेंबूड आल्यासारखा दिसतोय रे," दादा तेव्हा हसला होता.

त्या पट्टीवर उलटा बाण ठोकलेला होता.

काकांनी भिंग लावलं. बाणाच्या दोन्ही रेघा बाहेर वाकलेल्या. हा ठसा कचेरीत आला तो दादा गेल्यावर दोन वर्षांनी. त्याआधीचे बाण सरळ रेघांचे. म्हणजे दुर्बीण कचेरीत परत आली होती. त्यांनी ती हातात घेतली, बाद केली, विकली, आणि चोरीचा आळ तसाच राहू दिला.

काका धडपडतच स्वयंपाकघरात गेले. "वहिनी, दादा चोर नव्हता! दुर्बीण कचेरीला मिळाली होती. दलदलीतच मिळाली असणार, आत गाळ होता."

वहिनी भाजी चिरत होती. तिने विळी बाजूला सारली.

"दलदलीत," ती म्हणाली. "मग हे कुठे आहेत, भावोजी?"

इतका वेळ त्यांच्या डोक्यात नुसता ठसा होता.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले. अधिकारी तरुण होता, माणूस म्हणून चांगला. त्याने दुर्बीण नीट पाहिली, खुर्ची दिली, चहा मागवला. त्या वेळचं कोणी आता कचेरीत नाही, म्हणाला. "पण आळ काढता येईल. कामावर असताना मृत्यू झाला, असं त्यांच्या पत्नीने लिहून द्यावं. बाकीचं मी बघतो."

काकांनी घरी येऊन सगळं सांगितलं. आईचं नाव काढलं. लोक काय काय बोलले तेही काढलं.

"मी नाही लिहून देणार," वहिनी म्हणाली.

"अहो, पण जन्मभराचा डाग आहे."

"असू दे. तुम्हाला तुमचा दादा धुऊन हवाय. मला नकोय. चोर तर चोर. कुठेतरी बसलेले तर आहेत. राहू दे त्यांना चोर."

काकांनी पुन्हा विषय काढला नाही. भंगारवाला आला, तेव्हा त्यांनी दुर्बिणीचं वय बरोबर सांगितलं. त्याने ती पोत्यात घातली नि नेली. वहिनी आत भांडी घासत होती. ती बाहेर आली नाही.