आठल्ये सरांची सही

जुलैत कॉलेज सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात आठल्ये सर एक वही घेऊन वर्गावर्गांतून फिरत आणि मुलांना विचारत, "घरी कोणकोणते सण होतात? कोणत्या दिवशी इथे येणं जमणार नाही?"  कोणी छठ सांगे, कोणी मोहरम, कोणी रविदास जयंती. सर एकेक लिहून घेत आणि मगच घटक चाचण्यांच्या तारखा ठरवत. ते गणिताचे विभागप्रमुख होते, परीक्षांचं कामही त्यांच्याकडेच होतं. मी साताऱ्याहून रसायनशास्त्राचा व्याख्याता म्हणून बनारसला नवा आलो होतो. सुट्ट्यांची सरकारी यादी असताना हा खटाटोप कशाला, असं मी एकदा त्यांना विचारलं.

"यादी करणारा लखनऊला बसतो, जोशी," ते म्हणाले. "पोरं माझ्यासमोर बसतात."

त्यांचं घराणं पाच-सहा पिढ्यांपूर्वी कोकणातून काशीला आलेलं. स्वतः सरांनी महाराष्ट्र दोनदाच पाहिला होता. त्यांच्या मराठीत 'हाजिरी', 'पर्चा', 'छुट्टी' असे शब्द सहज येत आणि आपण हिंदी बोलतो आहोत हे त्यांच्या गावीही नसे. पहाटे पंचगंगा घाटावर स्नान, मग त्या उभ्या चढाच्या पायऱ्या चढून घरी पूजा, आणि बरोबर साडेनऊला धोतर आणि बंद गळ्याचा कोट घालून कॉलेजात. बाहेरचं पाणीसुद्धा घेत नसत. स्टाफरूममध्ये आमचा चहा चाले तेव्हा ते खिडकीपाशी बसून उत्तरपत्रिका तपासत. असा सोवळा माणूस मुलांच्या ईदची चौकशी करतो, याचं मला नवल वाटे.

माझ्या तिसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख आली ती मंगळवारची. यादीत ईदची सुट्टी सोमवारी होती. चंद्र एक दिवस उशिरा दिसला तर काय, म्हणून सरांनी विद्यापीठाला दोन पत्रं लिहिली. उत्तर आलं नाही. रविवारी संध्याकाळी चंद्र दिसला नाही. सोमवारी सकाळी मदनपुऱ्यातली चार मुलं, सगळी विणकरांच्या घरची, सरांच्या दारात उभी राहिली. ईद आता मंगळवारी होती.

"नमाज पढ़ो, घर में सबके साथ रहो," सरांनी त्यांना सांगितलं. "इम्तिहान मैं देख लूँगा।"

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. मंगळवारी परीक्षा संपल्यावर मी गुणपत्रकावर त्या चौघांच्या नावांपुढे शाईने 'अनुपस्थित' असं लिहिलं. परगावाहून आलेले परीक्षक हात धुवायला गेले होते. तेवढ्यात सर प्रयोगशाळेत आले. त्यांनी कागद पाहिला आणि स्टूल ओढून बसले.

"हा शब्द मीही लिहिलाय," ते म्हणाले. "बारा वर्षं झाली. रशीदा नावाची मुलगी होती. या चौघांच्याच मोहल्ल्यातून कॉलेजात आलेली पहिली. असाच चांद पुढे गेला आणि तिचा पर्चा बुडाला. नियम म्हणून मी लिहून टाकलं. तिचं वर्ष गेलं, मग घरच्यांनी तिला पाठवलंच नाही."

"तुम्ही भेटलात का त्यांना?"

"गेलो ना. उशिरा गेलो. तिच्या वडिलांनी विणायचं थांबवून, करघ्यावरून उठून मला बसायला खुर्ची दिली, चाय दिली. मी प्यायलो. ते म्हणाले, 'मास्टर साहब, आपने क़ायदे से काम किया। हमें कोई शिकायत नहीं।' भांडले असते तर बरं झालं असतं, जोशी."

घराबाहेर त्यांनी घेतलेला तो बहुधा एकच चहा असावा. परीक्षक हात पुसत परत आले, तेव्हा सरांनी त्यांना चौघांची परीक्षा बुधवारी घ्याल का, असं विचारलं.

परीक्षक माणूस म्हणून वाईट नव्हते. प्राचार्यांनी लेखी विनंती केली तर एक दिवस राहतो, असं ते म्हणाले. आम्ही दोघं प्राचार्यांकडे गेलो. त्यांनी मान हलवली. "आज दिलं की दर वर्षी मागतील."

"मागू देत," सर म्हणाले. "मागतात, म्हणजे शिकायला येतात."

प्राचार्यांनी सही केली नाही. सरांनी तिथेच कागद मागून घेतला, विनंती लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. तसा अधिकार त्यांना नव्हता. परीक्षकांनी तो कागद दोनदा वाचला. "आठल्ये जी, बात आप पर आएगी।"

"आने दीजिए."

बुधवारी चौघांची परीक्षा झाली. एकाच्या हातून घाबरून काचेची ब्युरेट फुटली. सरांनी त्याला बाहेर नेऊन तोंड धुवायला लावलं आणि परत आणून उभं केलं. चौघंही पास झाले. तो ब्युरेटवाला अगदी काठावर.

सरांची मात्र चौकशी झाली. परीक्षांचं काम त्यांच्याकडून काढून माझ्याकडे देण्यात आलं. दोन वर्षांनी प्राचार्यपद रिकामं झालं, तेव्हा ते सरांहून कनिष्ठ असलेल्या माणसाला मिळालं. मला फार चीड आली होती. सर म्हणाले, "मला ठाऊक होतं काय होईल. ठाऊक असून केलं, आता कुरकूर कशाची?" काम सोपवताना परीक्षांच्या कपाटाच्या किल्ल्या माझ्या हातात देत ते एवढंच म्हणाले होते, "तारखा ठरवायच्या आधी पोरांना पूछत जा."

निवृत्तीनंतर आठ वर्षांनी, डिसेंबरातल्या एका सकाळी सर गेले. कॉलेजात अर्धवार्षिक परीक्षा चालू होती. नव्या प्राचार्यांनी दुखवट्याची सुट्टी द्यायचं ठरवलं. मी सरांच्या घरी धावलो. त्यांचा मुलगा श्रीधर ओलेत्याने अंगणात उभा होता.

"सुट्टी नको, काका," तो म्हणाला. "परवाच बाबा म्हणाले होते, माझ्यासाठी पर्चा पुढे ढकलू देऊ नकोस. पोरं तयारी करून आलेली असतात."

"पण मला घाटावर यायचंय रे."

"तुम्ही वर्गात असावं, असंच त्यांना वाटलं असतं."

मी परत आलो. दहा वाजता प्रश्नपत्रिका वाटल्या. तीन तास बाकांमधून फिरत राहिलो. एक वाजता गठ्ठे बांधले आणि गल्ल्यांमधून मणिकर्णिकेच्या स्मशानघाटाकडे चालत गेलो. तोवर सगळं आटोपलं होतं. श्रीधर पायरीवर बसला होता. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने विचारलं, "कशाचा पेपर होता आज?"

"गणिताचा."

"कसा होता?"

"बरा होता," मी म्हणालो. "शेवटचं गणित जरा अवघड होतं. पण मुलांनी सोडवलं."