दत्तारामचा पहिल्या खेपेचा डबा

मिरकरवाड्यात थापाड्यांची कमी नाही. बंदराची वस्ती, इथे हातातून सुटलेला मासा दर वर्षी वाढतो. पण दत्तारामची सर कुणाला नाही. उभी हयात परदेशी जहाजांवर खलाशी म्हणून काढली आणि कायमचा घरी आला तो माझ्या दुकानाच्या बाकावर येऊन बसला. कुठल्याशा बंदरात म्हणे समुद्र गोठला, आणि हा त्याच्यावरून चालत जाऊन विड्या घेऊन आला. गिऱ्हाइकं ऐकत बसायची, घ्यायची काही नाहीत. मला नुसता ताप.

त्याची बायको आवडाबाई तर तोंडावर सांगायची, "ह्यांचं अर्धं बोलणं खोटं असतं, आणि उरलेल्या अर्ध्या थापा."

चौऱ्याऐंशी साली येताना त्याने एक डबा आणला. शिवणयंत्राच्या पेटीएवढा, वर धरायला मूठ, उचलला की कंबर आठवायची. हा म्हणे कॉम्प्युटर, हातात धरून कुठेही न्यावा असा. बंद पडलेला होता, म्हणून जहाजावरच्या साहेबाने समुद्रात टाकण्याऐवजी दत्तारामला दिला. आणि म्हणे साधासुधा नव्हे, अगदी पहिल्या खेपेचा, कारखान्यातून सगळ्यांत आधी बाहेर पडले त्यांतला.

पहिल्या खेपेचा ओळखायचा कसा, हे त्याने वाडीतल्या पोराटोरांनाही पढवलं होतं. "पत्र्याचा आणि मोठ्या पडद्याचा असला तर ती दुसरी जात. ह्याचा पडदा पोस्टकार्डाएवढा. आता ह्याच जातीत पहिले आले ते तपकिरी, मागून आले ते निळसर राखाडी. आधी अंगाचा रंग बघायचा, मग तोंड उघडायचं." मेला बांगडे घ्यायला निघाल्यासारखा बोलायचा.

लोक हसायचे. गोठलेल्या समुद्रावर हसले तर दत्ताराम खूश व्हायचा, पण डब्यावर हसले की तोंड उतरायचं त्याचं. एकदा मला म्हणाला, "बाकी सगळं सोड रे. हे एक खरं आहे. हे एक तरी माना." मला उगाचच वाईट वाटलं.

मग श्याऐंशीच्या पावसाळ्यात मिरजोळ्याच्या एका कारखान्यात चिपळूणचा एक इंजिनियर आला. त्याने परदेशी मासिकात असल्या डब्यांबद्दल वाचलं होतं. दत्तारामने त्याला गाठून दिवस ठरवला, सगळ्या वाडीला आमंत्रण दिलं आणि स्वतः चार दिवस बहिणीकडे गेला. येताना मिरजोळ्याला उतरून पाहुण्याला घेऊनच यायचं ठरलं होतं.

आता नारळी पुनवेच्या आधी आमच्याकडे होड्या रंगवतात. उरलेला रंग फुकट घालवणं हे पाप. दारं, बाकं, पाण्याचं पिंप, जे जागचं हलत नाही त्याच्यावर हात फिरतो. आदल्या साली आवडाबाईने माझ्या दुकानाची वजनंसुद्धा रंगवून ठेवली होती. त्या साली तिच्या भावाच्या होडीचा निळा रंग उरला, पुरेना म्हणून तिने त्यात पांढरा आणि चुलीची काजळी घातली. पाहुणा यायचाय आणि हा कळकट डबा काय दाखवायचा? दोन हात दिले, छान सुकवला आणि वर भरतकामाचा रुमाल टाकला.

ठरल्या दिवशी पडवीत पाय ठेवायला जागा नव्हती. दत्ताराम पाहुण्याला घेऊन आला, घसा खाकरला आणि रुमाल ओढला.

रुमाल हातातच राहिला, आणि दत्ताराम डब्याभोवती फिरून तो चारी बाजूंनी बघायला लागला.

इंजिनियर वाकला. झाकण उघडलं, पडदा पाहिला. "जात तीच आहे," तो म्हणाला. "पण निळसर राखाडी आहे. म्हणजे मागून आलेला."

पडवीत हशा पिकला. बाबल्या तांडेल म्हणाला, "दत्ताराम, समुद्र तरी गोठला होता का रे?"

दत्तारामने दाराकडे पाहिलं. तिथे आवडाबाई नवं लुगडं नेसून उभी होती, कुणीतरी रंगाचं कौतुक करील म्हणून वाट बघत. नखांत अजून निळं होतं. ते मला दिसलं तसं त्यालाही दिसलं. हिने रंगवला एवढं म्हटलं असतं तर सुटला असता, आणि सगळी वाडी तिला हसली असती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात त्याने माझं मनगट दाबलं.

"होय," तो म्हणाला. "मागचाच आहे. मी थाप मारली होती."

आवडाबाईने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. दोन वर्षं कानांवरून गेलेलं तपकिरी-निळ्याचं पुराण तिला बहुतेक तेव्हा समजलं. तशीच आत गेली. लोकांना वाटलं, लाजली बिचारी. परत आली ती मासळीची खवलं काढायची सुरी घेऊन. डब्यापुढे मांडी घातली आणि सपासप रंग खरवडायला लागली. निळ्या सालपटांखालून तपकिरी अंग वर आलं.

दत्ताराम खांबाला धरून उभा होता. डोळे भरले होते त्याचे.

तिने सुरी पदराला पुसली आणि इंजिनियरला म्हणाली, "ह्यांच्यावर विश्वास ठेवू नका, खोटं बोलतायत. पहिलाच आहे तो."