वरचंच गाव खाली

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका दवाखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करायचे. इंदापूर भागातल्या शिबिरात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या माणसांना फेरतपासणीसाठी जीपनं आणायचं होतं. त्यांची यादी शिबिरातून फ्लॉपीवर आली. गावाचं नाव त्या त्या गावच्या फक्त पहिल्या माणसापुढं होतं. खालच्यांपुढं ती जागा रिकामी, आपण कागदावर लिहिताना सोडतो तशी. डॉक्टरांनी यादी ऑपरेशनच्या तारखेप्रमाणे मागितली. मी तशी लावली आणि बहुतेक माणसं आपापल्या गावापासून तुटली.

मूळ फाइल शाबूत होती, पण एवढी गावं हातानं भरायची म्हणजे जीप निघायची वेळ टळली असती. कॉलेजात युनिक्स शिकवणारे माझे सर जवळच राहायचे. मी त्यांच्या घरी गेले. ते अर्ध्या जेवणावरून उठले आणि स्कूटरवर मला घेऊन ऑफिसात आले.

त्यांनी मला मूळ फाइलवर ऑक वापरायला सांगितलं, फाइल ओळीओळीनं वाचून बदलणारं युनिक्सचं साधन. "गाव दिसलं की लक्षात ठेवायचं, रिकामं दिसलं की लक्षातलं लिहायचं. एवढंच सांग त्याला," ते म्हणाले. टाइप मलाच करायला लावलं. पहिल्या खेपेला माणसांची नावंच गावाच्या रकान्यात जाऊन बसली. ऑक ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा मोजतच नव्हतं. रकाने टॅबनं वेगळे केलेत हे त्याला सांगायला हवं, असं सरांनी दाखवून दिलं. मग एंटर दाबलं आणि पडद्यावर सगळ्या ओळींना गावं मिळाली. मला हसूच फुटलं.

सर मात्र यादीकडं बघत होते. प्रत्येक रिकाम्या जागेचा अर्थ 'वरचंच गाव' असाच आहे का, असं त्यांनी विचारलं. मला ते माहीत नव्हतं. म्हणून शिबिराला गेलेल्या सिस्टरांना बोलावलं. त्या इंदापूरकडच्याच. छापलेली यादी वाचता वाचता एका नावावर त्या थांबल्या.

"ह्ये आबा त्या गावचं न्हाईत. मेंढरांबरोबर फिरत्यात. गाव इचारलं तर म्हणलं, आज हितं, उद्या तितं."

ती जागा खरोखरच रिकामी होती. मी तिथं आडवी रेघ टाकली. आबांना शिबिराला त्यांची लेक घेऊन आली होती. तिचं सासर सिस्टरांना ठाऊक होतं. जीपवाल्याला तिकडून जायला सांगितलं. लेकीनं गाडीत बसून मेंढरांचा तळ दाखवला.

आबांचा डोळा लाल होऊन सुजला होता. डॉक्टर म्हणाले, आले ते बरं झालं, आणखी उशीर झाला असता तर डोळा गेला असता. आबांना ठेवून घेतलं, औषध सुरू झालं आणि डोळा वाचला. घरी जाताना ते माझ्या टेबलाशी आले.

"रानात गाडी आली. आमास्नी कोण हुडकतंय?" म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

त्या हातावर खरा हक्क सरांचा आणि सिस्टरांचा होता. संध्याकाळी मी दोघांना तसं सांगितलं. सिस्टर नुसत्या हसल्या. सरांनी आबांच्या डोळ्याची चौकशी केली.